भाव त्यांचा, भोग आपला

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की एक व्याख्यान ठरलेलं असतं: तेल आणि वायू उद्योगातल्या जागतिक संधी. पडद्यावर पहिली स्लाइड समुद्रातल्या रिगची. दुसरी डॉलरमधल्या पगाराची. तिसरी, हल्ली हमखास, तेल कंपन्यांच्या शेअरची. करिअरही इथेच करा, गुंतवणूकही इथेच करा. मागच्या रांगेतला बाप वहीत आकडे उतरवून घेतो. चौथी स्लाइड कधी येतच नाही. भाव पडतो तेव्हा तो कुणाच्या डोक्यावर पडतो, हे सांगणारी.

हा उद्योग उद्या बंद पडणार आहे, असं मी म्हणत नाही. जगाला रोज १० कोटी बॅरलहून जास्त तेल लागतं. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. पैसा आहे, भरपूर आहे. पण या धंद्याची घडी अशी बसली आहे की तेजीचा मलिदा वरच्या वर वाटला जातो आणि मंदीचा धोंडा सगळ्यात खालच्याच्या पायावर येतो. खालचा म्हणजे कंत्राटी फिटर, नुकती पदवी हातात पडलेला इंजिनीअर आणि कुणाच्या तरी टिपवर शेअर घेणारा पगारदार. या तिघांशी कुणी खरं बोलत नाही, म्हणून हा लेख.

२० एप्रिल २०२० ची रात्र आठवा. टाळेबंदी होती. विमानं जमिनीवर, गाड्या दारात. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंगला तेलाच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि मे महिन्याच्या वायद्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार होती. वायदा हातात ठेवला तर तेल उचलावं लागणार, आणि उचललेलं तेल ठेवायला जागा नाही. भाव कोसळत शून्यावर आला, शून्याखाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरवर दिवस संपला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घेऊन जा, अशी गत.

आता मुंबईत काय झालं ते बघा. टाळेबंदीमुळे आपला एमसीएक्स हा वायदेबाजार त्या दिवसांत संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. त्या दिवशी पाचचा शेवटचा भाव बॅरलला ९६५ रुपये होता. ‘एवढं खाली आलंय, आता आणखी कुठे जाणार’ असं म्हणून ज्यांनी खरेदी धरून ठेवली, त्यांचा बाजार बंद झाला. न्यूयॉर्कमधली खरी पडझड आपल्या रात्री झाली. विकायची इच्छा असूनही विकायला दार उघडं नव्हतं. शेवटी ते सौदे मिटवले गेले उणे २,८८४ रुपयांना. एक लॉट शंभर बॅरलचा. संध्याकाळी पाचच्या भावापासून मोजलं तरी एका लॉटमागे ३ लाख ८४ हजार ९०० रुपये गेले. दलाल मंडळी न्यायालयात धावली. साध्या ग्राहकाने कुठे धावायचं होतं?

वायदा नको, आपण बापडे शेअर घेऊ, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची समजूत एकाच ओळीची असते: क्रूड वर गेलं की तेल कंपन्यांची चांदी. कुठल्या तेल कंपनीची? विहिरीतून तेल काढणारी वेगळी, ते शुद्ध करून पंपावर विकणारी वेगळी, रिग आणि माणसं पुरवणारी वेगळी. एकीचा सण तो दुसरीचा उपास.

२०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं. ओएनजीसी तेल काढते, म्हणजे तिची दिवाळी, असं सगळ्यांनी धरलं. १ जुलैला केंद्राने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा विशेष कर बसवला आणि ओएनजीसीचा शेअर त्या एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास आपटला. त्याआधीच्याच तिमाहीत हिंदुस्थान पेट्रोलियमला १० हजार कोटींहून जास्त तोटा झाला, कारण बाहेर क्रूड महागलं तरी पंपावरचे भाव गोठवलेले होते. पुढे २०२३-२४ मध्ये क्रूड उतरलं, पंपावरचे भाव मात्र जिथल्या तिथे राहिले आणि तिन्ही सरकारी विक्रेत्या कंपन्यांनी मिळून ८० हजार कोटींच्या आसपास नफा कमावला. यातल्या कुठल्या वळणाचा अंदाज ताळेबंद वाचून आला असता? तुम्ही शेअर तेलाचा घेता, पण पैज लावता ती दिल्लीतल्या निर्णयावर.

बाहेरच्या कंपन्या सुरक्षित, असंही नाही. शेल ही लाभांशाच्या बाबतीत दगडावरची रेघ मानली जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने लाभांश कधी कापला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये तिने तो तिमाहीला ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सॉन डाऊ जोन्स निर्देशांकातून बाहेर पडली. १९२८ पासून ती तिथे होती. दोन वर्षांनी याच एक्सॉनने ५५ अब्ज डॉलरहून जास्त नफा कमावला. जो २०२० मध्ये घाबरून विकून बसला त्याचंही नुकसान, आणि २०२२ चा नफा बघून वरच्या भावाला शिरला त्याची तर झोप गेली. मधली दोन वर्षं तग धरायला पोटात बळ लागतं. मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशाच्या अंगात ते नसतं.

आणि साठ्यांच्या आकड्यांचं म्हणाल तर जमिनीखालचा साठा हा अंदाज असतो, बँकेतली शिल्लक नव्हे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ मधून एप्रिल २००९ मध्ये वायू निघायला लागला. दिवसाला ८ कोटी घनमीटर हे उद्दिष्ट होतं. २०१० मध्ये आकडा ६ कोटींच्या आसपास पोचला आणि तिथून जो घसरला तो चार वर्षांत एक चतुर्थांशाच्याही खाली. त्याचा चटका थेट गुहागर तालुक्याला बसला. एन्रॉनच्या पडझडीनंतर दाभोळचा जो वीजप्रकल्प मोठ्या कष्टाने पुन्हा उभा केला होता, तो या वायूच्या भरवशावर होता. वायू आटला आणि २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा थंडावला.

एन्रॉनचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे एन्रॉन म्हटलं की करार, महागडी वीज आणि राजकारण एवढंच आठवतं. अमेरिकेत तिच्या कर्मचाऱ्यांचं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या निवृत्तीच्या योजनेतली निम्म्याहून जास्त रक्कम एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा पगारही गेला आणि म्हातारपणाची पुंजीही गेली, एकाच फटक्यात. ‘करिअरही इथेच, गुंतवणूकही इथेच’ हा सल्ला घेतला की हेच होतं. ज्या घरात तेलाचा पगार येतो, त्या घराने तेलाचे शेअर घेऊ नयेत. ज्याचा मुलगा अबूधाबीत आहे त्याने तर मुळीच नाही. क्रूड पडलं की एकाच आठवड्यात मुलाचा फोन येतो आणि पोर्टफोलिओही लाल होतो.

नॉर्वेने हे ओळखलं. उत्तर समुद्रात १९६९ मध्ये एकोफिस्क सापडलं आणि मच्छीमारांचा, जहाजवाल्यांचा देश तेलवाला झाला. त्यांनी १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी काढला आणि तो पैसा देशाबाहेरच गुंतवायचा असं ठरवलं. पुढे त्यांच्या मध्यवर्ती बँकेने २०१७ मध्ये सुचवलं की या निधीतून तेल आणि वायू कंपन्यांचे शेअर काढून टाकावेत. कारण सरळ होतं. सरकारची मिळकत आधीच तेलावर, मग बचतही तेलावर कशाला? सरकारने २०१९ मध्ये निदान फक्त शोध आणि उत्खनन करणाऱ्या कंपन्यांपुरतं ते मान्य केलं. तेलावर गब्बर झालेला देश स्वतःची बचत तेलापासून दूर नेतो आणि आमचा सल्लागार डोंबिवलीतल्या कारकुनाला तीच बचत तेलात घालायला सांगतो. मला याचा राग येतो.

आता नोकरीकडे या. पेट्रोलियम इंजिनीअरिंगच्या शाखेला एक जुनं दुखणं आहे: प्रवेश एका भावाला होतो आणि पदवी दुसऱ्याच भावाला मिळते. २०१२ मध्ये ब्रेंट क्रूडच्या भावाची वर्षाची सरासरी ११० डॉलरच्या वर होती. त्या वर्षी ज्याने प्रवेश घेतला, त्याने आईबापांना शैक्षणिक कर्ज काढायला लावलं असेल तर चूक त्याची नव्हती. डॉलरमधले पगार खरेच होते. तो शेवटच्या सत्राला आला जानेवारी २०१६ मध्ये. ब्रेंट ३० डॉलरच्या खाली. आदल्या वर्षी एकट्या श्लुम्बर्जे या तेलसेवा कंपनीने २० हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं होतं. त्या पोराने नोकरी मागायची कुणाकडे? वीस-वीस वर्षं विहिरी खोदलेले लोक त्याच रांगेत उभे होते. कितीतरी जणांनी शेवटी सॉफ्टवेअरची परीक्षा दिली.

हे एकदाच घडलं असतं तर नशीब म्हटलं असतं. १९८६ मध्ये घडलं, १९९८ मध्ये घडलं, २०२० मध्ये घडलं. आणि भाव फार पडला नसतानाही घडतं. बीपीने जानेवारी २०२५ मध्ये ४,७०० नोकऱ्या आणि शिवाय ३,००० कंत्राटी माणसं कमी करायचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात शेव्हरॉनने २० टक्क्यांपर्यंत कपात सांगितली. सप्टेंबरमध्ये कोनोकोफिलिप्सने २० ते २५ टक्के. तीनच वर्षांपूर्वी हे सगळे विक्रमी नफा मोजत होते. त्या नफ्यातून शेअरची फेरखरेदी झाली, लाभांश वाढले. माणसाला दोन वर्षं सांभाळून घ्यायला मात्र त्यातलं काही उरलं नाही.

मग या वाटेला जाऊच नये का? जावं. डोळे उघडे ठेवून जावं. कामं आहेत आणि चांगली आहेत. कतार आपली एलएनजीची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवरून १४ कोटी २० लाख टनांवर नेतंय. आठ लाख वस्तीच्या गयानामध्ये २०१५ ला तेल सापडलं, २०१९ च्या डिसेंबरात निघायला लागलं आणि आज दिवसाला सहा लाख बॅरलच्या वर गेलंय. आपलं मुंबई हाय १९७४ मध्ये सागरसम्राट या रिगने शोधलं. ते आता म्हातारं झालंय, आणि म्हाताऱ्या क्षेत्राला तरुण डोकी जास्त लागतात. ओएनजीसीने २०२५ मध्ये तिथल्या उत्पादनवाढीसाठी बीपीला तांत्रिक भागीदार म्हणून आणलं ते त्यामुळेच. पाइपलाइनचा गंज तपासणं, जुन्या विहिरी कायमच्या बुजवणं, दाबाखालची यंत्रं सांभाळणं, ही कामं भाव पडला म्हणून थांबत नाहीत.

पण शिकताना पदवीच्या नावाला भुलू नका. मेकॅनिकल, केमिकल किंवा भूशास्त्र घट्ट करा आणि पेट्रोलियम वरून शिका. उलटं केलंत तर मंदीत परतीची वाट सापडत नाही. ज्याला खोल विहीर खोदता येते त्याला भूगर्भातली उष्णताही काढता येते. अमेरिकेत युटाह राज्यात शेल खडकातलं तेल काढायचं आडव्या ड्रिलिंगचं तंत्र वापरून भूऔष्णिक वीजप्रकल्प उभा राहतोय आणि लडाखमधल्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीही याच कामात उतरली आहे. हात तोच, विहीर वेगळी.

हे झालं इंजिनीअरचं. वेल्डर, फिटर, रिगर, स्टुअर्ड म्हणून जाणाऱ्या पोरांशी तर व्याख्यानवाले बोलतही नाहीत. त्यांच्याशी बोलतो तो एजंट. बेलापूरच्या एखाद्या गाळ्यात काचेचं दार, भिंतीवर जहाजाचं कॅलेंडर, टेबलावर परदेशी कंपनीचं लेटरहेड. लाख-दोन लाख रोख द्या, महिन्याभरात रिगवर. रत्नागिरी-रायगडातल्या किती आयांच्या बांगड्या या टेबलावर गेल्या असतील! म्हणून नीट लक्षात ठेवा. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला घेता येणारं शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे. त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. जहाजावरची नोकरी असेल तर खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे, आणि परवानाधारक कंपन्यांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. दहावी न झालेला मुलगा आखातात निघाला असेल तर प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा अपघात विमा त्याच्या हक्काचा आहे. त्याची पॉलिसी घरी ठेवून घ्या, फोटो नव्हे, कागद. पावती द्यायला नकार देणारा एजंट दिसला की उठा आणि बाहेर पडा.

आणि समुद्रात जायचं असेल तर आधी ‘ह्युएट’, म्हणजे बुडणाऱ्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण, करा. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टे बांधून बसवतात, तो सांगाडा तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. नाकातोंडात पाणी शिरत असतं, वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, मग खिडकी, मग पट्टा, मग बाहेर. घाईने आधी पट्टा सोडणारा आत तरंगतो आणि खिडकी हरवतो. जुहूहून रिगवर उडणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला हे शिकवलेलं असतं. बोटीतून बार्जवर जाणाऱ्या कंत्राटी हेल्परला काय शिकवलेलं असतं, ते प्रत्येक बापाने विचारावं.

कारण १७ मे २०२१ आपण विसरायला नको होतं. तौक्ते वादळ मुंबईच्या समुद्रात घुसलं तेव्हा मुंबई हायजवळ पी-३०५ नावाचं राहायचं बार्ज होतं. त्यावर २६१ माणसं. ओएनजीसीच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या कंत्राटदाराची. वादळाचे इशारे आधीच आलेले होते आणि बरीच जहाजं सुरक्षित जागी गेली होती. पी-३०५ समुद्रातच राहिलं. नांगर तुटले, बार्ज वाहवत गेलं, एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळलं, आत पाणी शिरलं आणि संध्याकाळी ते बुडालं. बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितलं की लाइफ राफ्ट पंक्चर निघाले. लोक लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून, अंधारात उंच लाटांवर तासन्‌तास तरंगत राहिले. नौदलाने जिवावर उदार होऊन १८० हून जास्त जणांना वर काढलं. सत्तरहून अधिक गेले. जे.जे. रुग्णालयात नातेवाइकांना डीएनएसाठी रक्त द्यावं लागलं, कारण चेहरे ओळखू येत नव्हते.

त्या आठवड्यात कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवत होती, कंत्राटदार बार्जमालकाकडे आणि बार्जमालक कप्तानाकडे. कप्तान बुडालेल्यांत होता. तेल मात्र एकाच्याच खात्यावर जमा होत होतं. ज्याच्या खात्यावर तेल, त्याच्याच खात्यावर माणूस धरला पाहिजे. क्षेत्र ज्याचं, त्याने आपल्या समुद्रातल्या प्रत्येक बार्जवर कोण आहे, त्याचं प्रशिक्षण झालंय का, त्याचा विमा किती रकमेचा आहे, हे रोजच्या रोज लिहून ठेवावं आणि ती यादी किनाऱ्यावर सरकारकडे असावी. उपकंत्राटाच्या चौथ्या पायरीवरचा हेल्पर बुडाला तर भरपाई पहिल्या पायरीवरून यावी, चौथ्याचा पत्ता शोधत त्याची विधवा बेलापूर ते बिहार फिरू नये. आणि वादळाचा इशारा आला की बार्ज हलवायचं की नाही, हा निर्णय ज्याच्या खिशाला त्या दिवसाचं भाडं लागतं त्याच्या हाती एक तासही असू नये. तो हुकूम नौवहन महासंचालनालयाने द्यावा, आणि जो मोडेल त्याचं कंत्राट त्याच दिवशी रद्द व्हावं.